पहिल्या घासाची गोळी

मालेगावच्या स्टँडजवळ माझं मेडिकल आहे. केनवडहून एक बाई दर महिन्याला मुलाच्या गोळ्या न्यायला येते. नाव मी कधी विचारलं नाही. आधीची रिकामी स्ट्रिप ती काउंटरवर ठेवते आणि एकेक कप्पा अंगठ्यानं दाबून दाखवते. मी न मागताच.

मुलगा अठराचा. बारावीच्या धसक्यानं त्याची झोप उडाली, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या लावल्या. त्याला जायचंय फौजेत. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्याशिवाय भरतीला जाऊन उपयोग नाही, असं भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीतल्या सरांनी सांगितलं. मग पठ्ठ्या गोळ्या पळायच्या बुटात लपवू लागला. बूट धुताना तिला त्या सापडल्या. तेव्हापासून ती समोर बसून, भाकरीच्या पहिल्या घासाबरोबर गोळी देते.

"भरती दरसाल येते भाऊ," ती म्हणायची, "पोरगं काय दरसाल येते?"

काल तिचा अंगठा स्ट्रिपवर अडला. दोन गोळ्या तशाच होत्या.

"पुन्हा लपवल्या?" मी जरा चिडूनच विचारलं.

"त्यानं नाही. म्याच नाही देल्या." पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत राहिली. "लय गयावया करे. म्हटलं, गोळीबिना राह्यते का पाहू. दोन दिवसांपासून त्याच्या गळ्याखाली घास नाही उतरून राह्यला."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावून दिला. मनानं गोळी बंद करायची नाही, आजच सुरू करा, हे त्यांचं सांगणं तिनं दोनदा वदवून घेतलं. मग नवी स्ट्रिप उचलताना म्हणाली, "तोंडानं मी बराबर बोलतो भाऊ. माह्या हातालेच काहून नाही कळलं?"