वाढीव किलोमीटर

चहा उकळत होता, डब्याची भाजी परतून झाली होती, आणि वहिनींचं निम्मं लक्ष खिडकीबाहेर होतं. बाहेर त्यांचे धाकटे दीर जुन्या पिकअपची काच पुसत होते. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या, मग उगाच एकदा शर्टाच्या बाहीने. पूर्वी हे बघून वहिनींना हसू यायचं. हल्ली त्यांना वाटायचं, हा माणूस एवढं घासून घासून नेमकं काय पुसून टाकतोय?

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल असताना टकटक करणारा माणूस कोण, म्हणून वहिनींनी गॅस बारीक केला आणि दार अर्धंच उघडलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला अडकवलेला गॉगल आणि नजर त्यांच्याकडे नाही, थेट पिकअपकडे.

“हीच ना ती गाडी? मालकांनी बोलावलंय. एक फेरी मारून बघा म्हणाले, जमली तर उद्यापासून या.”

“कोणते मालक?”

“फरशीच्या दुकानाचे. तुमचेच ना?”

नवरा भल्या सकाळी गोदामावर गेला होता. जाताना रोजच्यासारखं ‘अगं माझा चष्मा’ करत सगळं घर डोक्यावर घेतलं, पण नव्या ड्रायव्हरबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. आणि तरी त्याच्यावर चिडायची सोय नव्हती. काडी त्यांनीच टाकली होती.

काच पुसणारा हात थांबला होता. भाऊजींनी सगळं ऐकलं होतं. फडकं पिळून त्यांनी आरशावर वाळत घातलं, एवढंच.

लग्न होऊन वहिनी ह्या घरात आल्या तेव्हा भाऊजी शाळेत होते आणि शाळा त्यांना झेपत नव्हती. आई-वडील आधीच गेलेले, थोरल्या भावाने वाढवलेलं पोर. वहिनी पदवीधर, त्यामुळे मोठ्या उत्साहाने त्यांना बीजगणित शिकवायला बसल्या. भाऊजींनी समीकरणाच्या जागी गिअरच्या दांड्याचा नकाशा काढून दाखवला आणि म्हणाले, “वहिनी, ह्यातलं विचारा.” त्या दिवशी गुरू-शिष्य दोघांनीही वही मिटली. पुढे दुकानासाठी पिकअप आली, तीही आधी कुणीतरी वापरलेली, आणि भाऊजी तिच्याशी जे बांधले गेले ते आजवर. मध्ये एकदा मुलगी बघायला गेले होते. मुलीने विचारलं, तुम्हाला काय आवडतं? हे म्हणाले, “रिव्हर्स घ्यायला. अरुंद बोळात.” मुलीकडचे आजही तो किस्सा सांगत असतील.

गॅरेजच्या मिस्त्रीने त्यांचं नाव ठेवलं होतं ‘न्यूट्रल’. घरात भांडण जुंपलं की हा माणूस ना भावाच्या बाजूचा, ना वहिनीच्या. इंजिन चालू, गाडी जागेवर. कुणी काही बोललं तरी उलट शब्द नाही. दुकानात एकदा लाद्यांची अख्खी पेटी फुटली, हमालाने बोट ह्यांच्याकडे दाखवलं, ह्यांनी बोलणी खाल्ली आणि झाडू आणला. हमालानेच पुढे कबूल केलं तेव्हा म्हणे, “असू दे, झाडायला तर मलाच लागलं असतं.”

असा माणूस. पण गेल्या महिन्यापासून वहिनींच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली होती.

त्याआधी झालं होतं असं, की उतारावर लाद्यांनी भरलेल्या गाडीचे ब्रेक तापून ढिले पडले. भाऊजींनी गिअर खाली आणत आणत, कडेच्या मातीच्या ढिगात नाक खुपसून गाडी थांबवली. कुणाला खरचटलंही नाही, पण घरात वादळ उठलं. दादा, म्हणजे वहिनींचा नवरा, म्हणाले, विकून टाकू. भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा बाजू घेतली, तीही गाडीची. “इंजिन ठणठणीत आहे, दादा. खालचं सामान तेवढं मजबूत करू.” मग गाडी मिस्त्रीकडे गेली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसले. मागचा अ‍ॅक्सल काढून भंगारात निघालेल्या मोठ्या गाडीचा जाडजूड अ‍ॅक्सल आला, त्याच्या मापाने चाकांना फिरवणारा लांब शाफ्ट कापून घेतला, स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवला. दादांनी एकच अट घातली. काटा पन्नासच्या वर जाता कामा नये. भाऊजींनी मान डोलावली.

आणि गाडी परत आल्यापासून काहीतरी बिनसलं. वहिनींना मीटर बघायची सवय होती. ऑईल कधी बदलायचं हे घरात त्यांनाच लक्षात राहायचं. गोदाम ते दुकान, दुकान ते ठरलेली गिऱ्हाइकं, रस्ते तेच. पण मीटर रोज थोडा जास्त पळालेला. डिझेलही जास्त लागायचं. आणि भाऊजी रोज उशिरा यायचे. ह्यातली एकच गोष्ट असती तर वहिनींनी सोडून दिली असती. तिन्ही एकदम म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं.

त्यांनी विचारून पाहिलं. “भाऊजी, आज पुन्हा उशीर?”

“गाडी जरा जड चालते, वहिनी.”

“नवीन सामान घालून जड?”

“बसेल हळूहळू.” आणि हात धुवायला निघून गेले.

वहिनींनी मग गाडीचीच झडती घेतली. सीटखाली, खणात, चटईखाली. एक कंगवा, एक पाना, पाण्याची बाटली. संशय घ्यावा असं काहीच मिळालं नाही, आणि त्यामुळेच त्यांचा संशय बळावला. एवढा नीटनेटका माणूस! कोण असेल? बाई? की दुसऱ्या कुणाचा माल वाहतोय? नवऱ्याच्या कानावर घातलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, तो भावाला बाजूला घेऊन दोन शब्द विचारेल. त्याने विचारलं नाही. परस्पर नवा ड्रायव्हर शोधला.

तो आता फाटकात उभा राहून टायरला लाथ मारून बघत होता.

“चला,” भाऊजी त्याला म्हणाले, “रस्ता दाखवतो.” आणि किल्ली त्याच्या हातात दिली. आवाजात ना राग, ना काही. वहिनींना ते जास्तच लागलं. निर्दोष माणूस असा गप्प किल्ली देतो का? की पकडला गेलो म्हणून गप्प? आणि हा गॉगलवाला तरी कोण, कुठला?

“मीपण येते,” त्या म्हणाल्या. गॅस बंद केला, चपला सरकवल्या आणि दोघांच्या मध्ये जाऊन बसल्या. गिअरचा दांडा गुडघ्याला लागत होता, पण मीटर समोर दिसत होता.

गाव मागे पडलं, मोकळा रस्ता लागला. नवा ड्रायव्हर बोलका होता. “ब्रेक झकास आहेत हो. कुणी केले?” मग थोड्या वेळाने, “टॉपला टाकूनही एवढी का ओरडते? कुठे घासत तर नाही ना?”

“आल्यापासून तशीच आहे,” भाऊजी खिडकीबाहेर बघत म्हणाले.

“आणि काटा पन्नासवर, पण ती सायकल मागे पडायला बघा किती वेळ लागला. मला तर चाळिशीच वाटते.”

वहिनींनी कान टवकारले. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड होते. एक दगड गेला तेव्हा त्यांनी मीटरचा शेवटचा आकडा बघून ठेवला. आकडा सरकला. पण पुढचा दगड अजून आलाच नव्हता. बऱ्याच अंतरावर एका झुडपाआड तो उभा होता. आधी त्यांना दगडांचाच संशय आला. रस्ता करणाऱ्यांचा काय भरवसा, लावले असतील अंदाजाने. म्हणून पुढचा धरला. त्याच्यापुढचा धरला. दर वेळी आकडा आधी, दगड नंतर. आणि दोघांतलं अंतर वाढतच चाललेलं. पाच दगड मागे पडले तेव्हा मीटरने सहा मोजले होते.

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. “गाडी वळवा. त्या पुलाजवळच्या दगडापासून पुन्हा या.”

“काही पडलं का, ताई?”

“वळवा म्हणते ना.”

नव्या ड्रायव्हरने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी पहिल्यांदा मीटरकडे वाकून पाहिलं. परतताना वहिनी आणि भाऊजी दोघंही मोजत होते, एक ओठांतल्या ओठांत, एक बोटांवर. पुन्हा तेच. पाचाला सहा.

“मिस्त्रीकडे घ्या,” वहिनी म्हणाल्या. आतल्या आत काहीतरी सुटत होतं आणि तरीही मन पुरतं मोकळं होईना. मिस्त्री आणि दीर संगनमताने मीटरशी खेळले असतील तर? एकदा सवय लागली की मन असंही चालतं.

गॅरेजमध्ये मिस्त्रीचे फक्त पाय दिसत होते, बाकीचा एका गाडीखाली. वहिनी पायांशीच बोलल्या.

“मिस्त्री, आमच्या गाडीचा मीटर जास्त का पळतो?”

पाय हलले नाहीत. “फुकटात बघायला सांगायचं असेल तर आज वेळ नाही, वहिनी. सगळे येतात, नुसतं बघून दे म्हणतात.”

“बघू नका. नुसतं सांगा.”

मग तो फळीवरून सरकत बाहेर आला, कपाळावर ग्रीस. भाऊजींकडे बघून हसला. “काय रे न्यूट्रल, वहिनींना घेऊन आलास?” कुणी हसलं नाही, तेव्हा उठून बसला. “पळणारच जास्त. मागे मोठा अ‍ॅक्सल टाकलाय. जुन्याला चाक एकदा फिरायला शाफ्ट जेवढा फिरायचा, त्यापेक्षा ह्याला जास्त फिरावा लागतो. म्हणून तर भरलेली गाडी चढ चढते. आणि मीटर काही चाक मोजत नाही, तो शाफ्टच्या फेऱ्या मोजतो. गिअरबॉक्समध्ये त्याचं एक छोटं दातेरी चाक असतं, ते बदललं की झालं.”

“मग बदललं का नाही?”

“मापाचं मिळालं नाही. म्हटलं, आलं की टाकू. मग राहूनच गेलं.” त्याने कान खाजवला. “अहो, मीटरने काय बिघडतं? मी ब्रेक दहा वेळा तपासले. मीटर कोण बघतं?”

“मी बघते,” वहिनी म्हणाल्या.

“काटासुद्धा जास्त दाखवतो का?” भाऊजींनी विचारलं.

“दाखवणारच की. पन्नास दाखवला तर समज चाळिशीच्या जरा वर. का रे?”

वहिनींनाच सगळं उलगडत गेलं. दादाला शब्द दिला म्हणून हा माणूस काटा पन्नासच्या खाली धरून, खरं तर चाळिशीने, रोज लाद्या पोचवत होता. म्हणून उशीर. इंजिन जास्त फिरत होतं, म्हणून डिझेल. आणि किलोमीटर तर झालेच नव्हते. ज्या बाईचा, ज्या परक्या मालाचा त्या शोध घेत होत्या, ते सगळं त्यांनी आपल्याच मनाने उभं केलेलं होतं.

“तू मला विचारायचंस की,” मिस्त्री भाऊजींना म्हणाला.

“विचारलं होतं. तू म्हणालास, बसेल हळूहळू.”

“ते आवाजाचं रे! मला वाटलं, आवाजाचं विचारतोयस.”

“आवाजाचंच विचारलं होतं,” भाऊजी म्हणाले. “बाकीचं मलाही कुठे कळलं होतं.”

नव्या ड्रायव्हरने किल्ली बॉनेटवर ठेवली. “ताई, मी निघतो. इथून मला रिक्षा मिळेल. मालकांना सांगा, गाडी चांगली आहे, पण मला नको.” जाता जाता तो भाऊजींकडे वळला. “ब्रेकला मात्र मानलं. आणि राग नको हं. आम्हाला बोलावलं की आम्ही येतो.”

“राग कसला,” भाऊजी म्हणाले.

मिस्त्री पुन्हा गाडीखाली सरकला. ते दातेरी चाक आजच शोधतो, असं खालूनच दोनदा ओरडून सांगितलं. परतीच्या वाटेवर गाडी भाऊजींनी घेतली. वहिनी आता खिडकीपाशी बसल्या होत्या, मीटर दिसू नये इतक्या लांब. माफी मागायची तर सुरुवात कुठून करायची? सीटखालची झडती भाऊजींना ठाऊक असेल का? असणारच. कंगवा परत ठेवताना त्यांनी नेमका उलटा ठेवला होता.

“भाऊजी, माझं चुकलं.”

“असू दे.”

“असू दे काय! चुकलंच. मी ह्यांना नको ते सांगितलं. आता तुम्हीच गोदामावर जाऊन तुमच्या दादाला सांगा ना, मीटरचं कसं झालं ते. तुमच्या तोंडून ऐकलं की मोकळे होतील बिचारे.”

भाऊजींनी गाडी कडेला घेतली. इंडिकेटर दिला, हँडब्रेक ओढला, गिअर काढला. हात स्टिअरिंगवरच ठेवून समोर बघत राहिले. इतक्या वर्षांत वहिनींनी त्यांना काही मागताना पाहिलं नव्हतं, म्हणून ते बोलायला लागले तेव्हा आधी त्यांना कळलंच नाही की हे मागणं आहे.

“मी नाही सांगणार, वहिनी. तुम्ही सांगा. दादाला, आजच. आणि मी समोर उभा असताना सांगा.”