आईच्या नावाखालची तीन उद्गारचिन्हं

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मानकोली नाक्यावर तिचा बोर्ड लागला. फोटो बरा होता. नावाखाली ठळक लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली!!!’

तीन उद्गारचिन्हं. मी रिक्षातून उतरून तिथेच उभा राहिलो. माझी आई भिवंडीत कापडाच्या घड्या घालायला जायची. शेजारी लूम धडधडायचे, त्यामुळे तिथल्या बायकांना घसा ताणायची सवय लागलेली, घरी आल्या तरी त्या ओरडूनच बोलायच्या. आई तसली नव्हती. काही सांगायचं असलं की उठून जवळ यायची, खांद्यावर हात ठेवायची आणि मग हळू बोलायची. जन्मात आवाज न चढवलेल्या बाईच्या नावाने भर नाक्यात कुणी बोंब मारावी, तसं ते दिसत होतं. मला लाज वाटली आणि संतापही आला.

संताप काढायचा कुणावर? काल्हेरच्या ज्या दुकानात तो बोर्ड छापला, तिथेच मी सात वर्षं कॉम्प्युटरवर बसतोय. मालकाला फोन लावला. तो म्हणाला, “अरे, घाई होती. तूच केलेली फाइल होती, त्यात फोटो आणि नाव बदललं फक्त.”

खरं होतं. वाढदिवस, निवड, निधन, आमच्याकडे सगळ्यांना एकच साचा. वाढदिवसाची तीन उद्गारचिन्हं पुसायचा कंटाळा मीच करायचो. गिऱ्हाईकही खूश, म्हणायचं, “जोर आला.” स्वल्पविराम तर मी कधीच हद्दपार केले होते, तेवढ्या जागेत आणखी एका पुढाऱ्याचं नाव बसायचं. कुणी शहाण्याने चूक दाखवली तर हसून म्हणायचो, “काका, बोर्ड आहे, दहावीचा पेपर नाही.” किती घरांच्या दुःखावर मी असा गुलाल उधळला असेन, कोण जाणे.

बोर्ड उतरवायला मी शिडी मागितली. चुलत्यांनी हात धरला. “दहाव्याच्या आधी बोर्ड काढतात काय? वर साहेबांचा फोटो हाय. लोक काय म्हणतील?” मी त्यांना चिन्हं दाखवली. ते डोळे बारीक करून बघत राहिले. “त्यात वाईट काय हाय? बरं दिसतंय ना.”

दहा दिवस ट्रकांची धूळ खात ती चिन्हं तिथे उभी राहिली. मी येता-जाता मान खाली घालायचो. पूर्णविराम कशासाठी असतो ते तेव्हा कळलं. तो दिला की वाक्य संपतं आणि माणसाला गप्प बसता येतं. शाळेत बाई घसा कोरडा करून हेच सांगायच्या. मला अक्कल यायला आई जावी लागली.

तेरावं उरकून कामावर गेलो. पहिलंच गिऱ्हाईक वडिलांचा बोर्ड करायला आलेलं. मी फाइल उघडली, चिन्हं पुसली, एक पूर्णविराम दिला आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

“हे एकदम मेल्यासारखं दिसतंय,” तो म्हणाला.

मी विचारलं, “तुमचे वडील मोठ्याने बोलायचे का हो?”

“त्याचा काय संबंध? शेजारच्या आळीतल्या बोर्डावर तीन होती. आपल्यावर चार टाका.”

मालक माझ्याकडे बघत होता. मी चार टाकली.