थोरलीच्या अंगावरचे लोकांचे झगे

शिवणाच्या तीन महिन्यांच्या क्लासचं सर्टिफिकेट मिळालं, तेव्हा मी ते फ्रेम करून देवाच्या फोटोशेजारी लावलं. देवापेक्षा बोटभर वरच. पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा धड आरसा नव्हता, पण फ्रेम होती. त्या काळातली मी आता रस्त्यात समोर आले, तर मला हसू आवरायचं नाही. गळ्यात टेप, कानामागे खडू आणि नाक वर. भाजी आणायलासुद्धा टेप गळ्यात घालूनच जायचे. भाजीवाल्यांनाही कळायला नको?

नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीवर, आणि घरात मी, मशीन आणि दोन मुली. थोरली सात वर्षांची, धाकटी पाचची. दोघी माझ्याच पोटच्या, हे लोकांना शपथेवर सांगावं लागायचं. थोरली बसवली तिथे बसायची. धाकटीला बसवायचं तर आधी पकडावी लागायची.

मी लहान मुलींचे कपडे शिवायचे. मोठ्या दुकानांत कपडे चढवून बघायला पुतळे असतात. माझ्याकडे थोरली होती. तिला पाटावर उभं करायचं, गिऱ्हाइकाच्या मुलीचा अर्धवट झगा अंगात घालायचा आणि टाचण्या लावत मापाला आणायचा. गिऱ्हाइकाची मुलगी जाड असली, तर थोरलीच्या पोटाला टॉवेल गुंडाळायचा. बारीक असली, तर सांगायचं, "श्वास आत घे. आणि हलू नकोस." ती श्वास आत घ्यायची. हलायची नाही.

धाकटीवरही एकदा हा प्रयोग केला होता. टाचणी अजून माझ्या ओठांत होती, तोच ती किंचाळली, "टोचतंय!"

"अजून लावलीच नाहीये, भवाने!"

"पण लावशील तेव्हा टोचेल ना!"

आणि एका बाहीचा झगा अंगावर घेऊन ती जी पळाली, ती थेट भाजीबाजारात. परत आली ती जांभळं खाऊनच. लोकांच्या पोरीचा वाढदिवसाचा झगा तो! धाकटीला धपाटे मिळाले, आणि पाट कायमचा थोरलीच्या वाट्याला आला.

किती नवे झगे तिच्या अंगावर चढले आणि उतरले, देव जाणे. तिचा स्वतःचा त्यातला एकही नव्हता. उरलेल्या तुकड्यांतून धाकटीला काहीतरी शिवून व्हायचं, कारण ती आकांडतांडव करून मागायची. थोरली मागायची नाही. तिला कपड्यांची हौसच नाही, असा मी निष्कर्ष काढला होता. बघा, केवढी हुशार होते मी.

एका ईदच्या आदल्या दिवशी जुन्या नाशकातली एक बाई लेकीचा शरारा-कुर्ता न्यायला आली. आम्ही दोघी एकमेकींना भाभीच म्हणायचो. शरारा अर्थातच तयार नव्हता. थोरली तो घालून पाटावर उभी, मी खाली बसून घेर दुमडत होते आणि माझ्या सफाईदार हाताचं कौतुक भाभींना स्वतःच ऐकवत होते.

भाभी एकदम म्हणाल्या, "रुको जरा. बच्ची रोती है तुम्हारी."

वर पाहिलं. आवाज नाही, हालचाल नाही, गालांवरून नुसतं पाणी. कुर्ता सैल करून बघितलं, तर काखेखाली टाचणी निम्मी आत रुतलेली.

"कधीपासून टोचतेय गं?"

"तू खाली बसलीस ना, तेव्हापासून."

"मग बोलायला काय झालं?"

"हलू नको म्हणालीस."

मी आधी काय पाहिलं, सांगू? कुर्त्याला रक्त लागलंय का, ते. मग टाचणी काढली, हळद लावली. भाभींनी पोरीला कुशीत घेतलं आणि मला झापलं, "कैसी माँ है तू! ध्यान किधर है तेरा?" मी हसले. म्हटलं, "सोशिक आहे हो माझी."

खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. हा प्रसंग मी वर्षानुवर्षं मिरवला. थोरलीला सायखेड्याचं स्थळ आलं, मंडळी बघायला आली, तेव्हा पोह्यांबरोबर मी हाच वाढला. टाचणी रुतली, पण पोरीनं ब्र काढला नाही!

होणाऱ्या सासूबाई खूश. "आम्हाला अशीच पाहिजे. शेतीचं घर हाय, माणसं लय. उलटून बोलणारी नाय चालायची."

धाकटी आतून ओरडली, "मग दुकानातला पुतळाच न्या की!"

मी डोळे वटारले. घरात तेव्हा शहाणं माणूस तेवढं एकच होतं.

थोरली सायखेड्याला नांदू लागली. फोनवर कधीही विचारलं, तरी "सगळं बरं आहे." धाकटी नवऱ्याशी, सासूशी, रिक्षावाल्यांशी आणि माझ्याशी भांडत सुखात राहिली.

गेल्या वर्षी धाकटी बहिणीकडे गेली होती. फळीवरचा डबा काढताना थोरलीचा डावा हात वर जाईना. धाकटीनं हट्टानं बघितलं, तर छातीत लिंबाएवढी गाठ. त्याच दुपारी तिला गाडीत घालून ती नाशकात घेऊन आली.

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे. थोरली म्हणाली, "दीड वर्ष झालं असेल. द्राक्षांची छाटणी होती, मग घरात लग्न निघालं..." डॉक्टरांनी नंतर आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, आजार पसरलाय. लवकर आणायला हवं होतं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर धाकटी माझ्यावर उखडली. "तू शिकवलंस तिला हे. पाटावर उभं करून करून शिकवलंस."

आता थोरली माझ्याकडेच आहे, धाकटी रोज सकाळी येऊन जाते. औषधं चालू आहेत, केस गेले. पुढचं डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत, आम्हीही विचारत नाही. मला आता एवढंच हवं होतं, की दुखलं तर तिनं दुखतंय म्हणावं. मी सारखी विचारायचे, पाणी देऊ? उशी वर करू? ती हसून मान हलवायची. त्या हसण्याची मला भीती वाटायला लागली होती.

परवा सकाळी तिला उलट्या झाल्या. पाठीवर हात फिरवत मी टकळी लावली, "होईल हं कमी. जरा कळ काढ, तू तर माझी शहाणी..."

"आई, गप्प बस."

मला वाटलं, धाकटीच बोलली. पण धाकटी चहाचा कप घेऊन दारात थिजली होती.

"नाही काढवत मला कळ. खूप दुखतंय. आणि तू जा इथून. जा म्हणतेय ना!"

मी उठले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. आत ती मोठमोठ्यानं रडत होती, लहान पोर रडतं तशी, आणि धाकटी म्हणत होती, "रड. अजून रड." पंचेचाळीस वर्षांत तिचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर बघून विचारलं, "काय झालं हो, आजी? कोण रडतंय?"

"माझी थोरली," मी म्हटलं. "रडू दे तिला."