माझ्या पोराची दुसरी साक्ष

आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक रीत आहे. प्रार्थनेनं कोणाचा ताप उतरला, कोणाची हरवलेली म्हैस सापडली, कोणाच्या घरातलं भांडण मिटलं, तर पुढच्या रविवारी उभं राहून साक्ष द्यायची. म्हणजे देवानं माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. सांगून झालं की सगळी मंडळी एका आवाजात 'आमेन' म्हणते, ढोलकीवर एक थाप पडते आणि माणूस खाली बसतो. मी ही रीत लग्नानंतर शिकले, आणि मला ती मनापासून आवडते. पुढे जे आहे ते रागानं लिहिलंय, पण घरच्या माणसाच्या रागानं.

मंगरूळपीरला बस स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं घर. पुढच्या खोलीत माझं शिलाईचं मशीन, शाळेचे गणवेश आणि ब्लाऊज. नवरा मालट्रकवर ड्रायव्हर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. एकच पोरगं. ते दहावीत गेलं आणि माझ्या चिंध्या कमी व्हायला लागल्या. शिवणाऱ्या बाईच्या घरात चिंध्यांचा हिशोब कोणी ठेवत नाही, पण पांढऱ्या पॉपलीनचे तुकडे मी अस्तराला जोड लागतो म्हणून वेगळे ठेवते, आणि नेमके तेच संपायचे. मी उंदरांना शिव्या दिल्या. मग एक दिवस दप्तर धुवायला घेतलं तर तळाशी पॉपलीनचा एक तुकडा निघाला, वाळून पापडासारखा कडक झालेला. वास घेतला तर पंक्चर काढायच्या सोल्युशनचा.

बाजार समितीच्या मागं पाच-सात पोरं जमतात, त्यांच्यात आमचंही होतं. चिंधीवर सोल्युशन ओतून हुंगण्याला ती पोरं 'ओढणं' म्हणतात. मी त्याला मारलं, मग जवळ घेऊन रडले, मग पुन्हा मारलं. त्याचे डोळे असे झाले होते की समोर मी आहे की भिंत आहे हे त्याला कळत होतं की नाही, देव जाणे. आसेगावला माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, शेती करतात. आम्ही येशूच्या मार्गात आलो ते त्यांना कधी रुचलं नाही. ते येऊन बसले आणि चहा फुंकत म्हणाले, "देव बदलून पाह्यला म्हणे तुमी. पोट्ट्याची संगत काहून नाही बदलली मंग?"

त्यांच्या स्वतःच्या अंगणात खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या पन्न्या पाचोळ्यासारख्या पसरलेल्या असतात. ते मी बोलले नाही. चहाचा कप मात्र जरा आपटूनच उचलला.

मी पोराला मंडळीत नेलं. पास्टर आमचे चांगले आहेत, हे आधीच सांगते. आमच्याकडं कोणी आजारी पडलं तर सायकल काढून येणारा तो एकच माणूस. त्यांनी उपास-प्रार्थना ठेवली. सगळी मंडळी जेवली नाही, माझ्या पोराच्या डोक्यावर तेल लावलं, त्याच्यासाठी गुडघे टेकून रडली. पोरगंही रडलं. ते रडणं खोटं नव्हतं, आजही मी तसंच म्हणेन. पुढच्या रविवारी ते उभं राहिलं आणि म्हणालं, "प्रभूनं मले या नशेतून सोडवलं." पत्र्याचं छत हलेल असं 'आमेन' झालं. मीही त्यात होते.

चूक झाली ती इथं, आणि ती आमच्यासारख्या लोकांच्याच हातून होऊ शकते. बाकीचे लोक आपल्या घरातली अशी गोष्ट सात पडद्यांआड ठेवतात. आम्ही तिची साक्ष केली, आणि ती साक्ष सगळ्यांना इतकी आवडली की पोरापेक्षा तीच मोठी झाली. पास्टर त्याला आसेगावच्या सभेला घेऊन गेले, मानोऱ्याकडच्या तांड्यांवर घेऊन गेले. ऊसतोडीहून परतलेली माणसं हंगामाचा शीण घेऊन बसायची आणि माझं पोरगं त्यांना आपण कसे सुटलो ते सांगायचं. बायका त्याच्यावरून हात ओवाळून बोटं मोडायच्या. तांड्यावरच्या एका बाईनं आपला मुलगा त्याच्यापुढं आणून बसवला आणि म्हणाली, "याले बी सांग बाप्पा, कसं सोडलं ते."

आणि घरी माझं पॉपलीन पुन्हा संपायला लागलं.

या वेळी मी मारलं नाही. मशीनवरचं काम बाजूला सारलं आणि त्याला समोर बसवलं.

"कायले सांगतलं नाही मले?"

"काय सांगू?"

"पुन्हा सुरू झालं म्हणून."

तो मशीनच्या पट्ट्याशी बोटानं खेळत राहिला. मग म्हणाला, "कोणाले सांगू आई? सगळ्यायनं आमेन म्हणून टाकलं ना."

आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या तोंडाला बूच मारलं होतं, आणि वरून टाळ्या वाजवल्या होत्या.

मी पास्टरांकडं गेले. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, हे आपल्यातच राहू द्या. एवढ्या गावात साक्ष झाली त्याची. लोकायले कळलं तर प्रभूच्या नावाले डाग लागते. आपण पुन्हा उपास ठेवू, गुपचूप."

"उपास ठेवा," मी म्हणाले, "म्या नाही म्हणत नाही. पण गुपचूप कायले? प्रभूचं नाव इतकं कच्चं हाय काय, का माया पोराच्या एका चिंधीनं फाटन?"

पास्टर रागावले नाहीत. ते फक्त खूप थकल्यासारखे दिसले, आणि मला त्यांची कीव आली. पण मी शब्द मागं घेतला नाही.

सोमवारी मी पोराला एसटीत घालून अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, त्याच्याशी एकट्याशी बोलल्या, आणि मला म्हणाल्या की हे एकदम सुटत नाही, घसरला तरी त्याला परत आणत राहा. मंडळीत हे कळलं तेव्हा आमच्यातल्या एक ज्येष्ठ मावशी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "विश्वास कमी पडला बाई तुहा. देवावर सोडलं अन् डॉक्टरकडं पयाली?"

"मावशी, तुमी चष्मा लावता तो कोणावर विश्वास ठेवून?" मी विचारलं. मावशी चष्मा सावरत निघून गेल्या. मी उद्धट आहे असं गल्लीत सांगून आल्या, ते खरंच होतं.

त्या दिवसांत मशीन चालवता चालवता माझ्या मनात येशूशी भांडण चालायचं, आणि भांडता भांडता मला तो आधीपेक्षा जास्त कळला. येशूकडं लोक बरे होऊन जात नव्हते, बरं व्हायला जात होते. आणि मेलेल्यातून उठला तेव्हा त्यानं हातांचे व्रण झाकून घेतले नाहीत, पुढं करून दाखवले. मग माझ्या पोरानं आपले व्रण कोणापासून लपवायचे? आणि का? भासऱ्यांनी टोमणा मारू नये म्हणून? मारू द्या. मला माझं पोरगं जिवंत हवं होतं, आणि खरं बोलणारं हवं होतं. मंडळीची शोभा माझ्या शिवणात बसत नव्हती.

महिन्याचा पहिला रविवार आला. त्या रविवारी आमच्याकडं प्रभुभोजन असतं, मेजावर भाकर आणि द्राक्षरसाचा पेला ठेवलेला असतो. पास्टरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की पोराला मागं शांत बसू द्या. मी मान हलवली होती, कारण सगळ्यांपुढं उभं राहायचं की नाही हे ठरवणं त्याचं काम होतं, माझं नव्हे.

भजन झालं. पास्टरांनी नेहमीप्रमाणं विचारलं, "कोणाची साक्ष हाय काय?"

मागून चटई सरकल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं तर माझं पोरगं उभं. तोंड पांढरं पडलेलं, हात पँटच्या खिशात कोंबलेले.

"मागं म्या सांगतलं होतं का मी सुटलो," तो म्हणाला. "सुटलो नोतो. गावोगाव सांगतलं तवाबी ओढून राह्यलो होतो. गुरुवारी ओढलं. आज नाही ओढलं. इतकीच साक्ष हाय."

एवढं बोलून तो उभाच राहिला, कारण रीत तशी आहे. आमेन झाल्याशिवाय साक्ष देणारा बसत नाही.

आमेन झालंच नाही. पंखा गरगरत होता. ढोलकीवाल्याचा हात ढोलकीवर तसाच ठेवलेला. मावशींनी डोळे मिटून घेतले, प्रार्थनेला की न पाहायला ते मला सांगता येणार नाही. पास्टर मेजावरच्या भाकरीकडं बघत होते. आणि माझं पोरगं सगळ्या मंडळीसमोर एकटं उभं होतं, बसायची परवानगी मिळेना म्हणून.

देवानं आजपर्यंत माझ्या पोरासाठी जे काही केलं, त्यातलं सगळ्यात मोठं आत्ता याच जागी होत होतं, आणि ते कोणाला ओळखू येत नव्हतं. मला इतका राग आला की रडू फुटायचं राहिलं. मी उठून उभी राहिले.

"आमेन," मी म्हणाले.

एकटीचाच आवाज. पत्र्याच्या छताला काही झालं नाही. पोरानं माझ्याकडं पाहिलं आणि मग खाली बसला. थोड्या वेळानं पास्टर भाकर घेऊन आमच्या ओळीपर्यंत आले. त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी पहिला तुकडा त्याच्याच हातावर ठेवला.

आता तो दर रविवारी उभा राहतो. साक्ष बोटभर असते. बरेचदा म्हणतो, या आठवड्यात नाही ओढलं. कधी कधी म्हणतो, ओढलं. मंडळीतले काहीजण अजून त्या वेळी चटईकडं बघतात. मानोऱ्याच्या तांड्यावरची ती बाई आता आपल्या मुलाला घेऊन एसटीनं येते आणि मागं बसते. 'नाही ओढलं' म्हटलं की सगळेच आमेन म्हणतात, त्याला काही लागत नाही. तो 'ओढलं' म्हणतो त्या रविवारी मात्र मी उभी राहते, आणि गल्लीपर्यंत ऐकू जाईल असं आमेन म्हणते.