पान बावन्नवरची चूक

लातूरकडचा भूकंप झाला तेव्हा मी तिथल्याच मुरुडच्या शाळेत शिकवत होते. नंतरचे काही महिने आम्ही शिक्षक आळीपाळीनं पडलेल्या गावांमध्ये जायचो आणि पत्र्याच्या शेडमध्ये मुलांची शाळा भरवायचो. शाळा सुटली की बायका माझ्याजवळ येऊन बसत आणि बोलत राहत. ते मी वहीत उतरवून घेतलं. पुढं माझी नांदेडला बदली झाली, आणि त्या वहीचं पुस्तक तिथं झालं.

पुण्याच्या दोन प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं होतं. मग एका सहकारी बाईंनी मला नांदेडमधल्या एका छोट्या छापखान्यात नेलं. मालकांना सगळे चाचा म्हणत. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं हा त्यांचा धंदा, पण दोन-तीन वर्षांतून एखादं मराठी पुस्तक ते हौसेनं काढत. आठ दिवसांनी त्यांनी निरोप पाठवून मला बोलावलं.

"बाई, छापू आपण. फक्त रडायचे शब्द कमी करा. रडायचं काम वाचणाऱ्याकडं ठेवा."

मी घरी येऊन निम्मी विशेषणं खोडली. लिहिण्यातला तो माझा पहिला धडा.

पाचशे प्रती निघाल्या. मुखपृष्ठावरचा निळा रंग छापताना हिरवट झाला. प्रकाशनाला जेमतेम तीस माणसं आली, त्यातली निम्मी चाचांच्या घरची. परीक्षण कुठंच आलं नाही आणि गठ्ठे माळ्यावर गेले.

काही वर्षांनी लातूरच्या शिकवणी वर्गांची भरभराट झाली. नोट्स आणि प्रश्नसंच छापून घ्यायला तिथले लोक नांदेडपर्यंत येऊ लागले. छापखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा मीच म्हणाले, "चाचा, माझं पुस्तक रद्दीत द्या आता."

"ते काही खायला मागून राहिलं का?" ते म्हणाले. "राहू द्या."

मला न सांगता ते नोट्सच्या प्रत्येक खोक्यात माझ्या पुस्तकाची एक प्रत ठेवत होते. त्यातलीच एक लातूरच्या मुलींच्या एका वसतिगृहात पोचली.

एका रविवारी चाचांनी मला बोलावून घेतलं. छापखान्यात बारावीतली एक मुलगी आणि तिचे मामा बसले होते. मामा म्हणाले, "आम्ही भांडायला आलो न्हाई, बाई. पोरीला तुमाला भेटायचं होतं."

मुलीनं पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. पान बावन्न. मारुतीसमोरच्या शिंप्याच्या घराबद्दल मी तिथं लिहिलं होतं. शेवटचं वाक्य होतं, त्या घरातलं कुणीच उरलं नाही.

"मी उरले," ती म्हणाली.

भूकंपात ती दोन वर्षांची होती. ढिगाऱ्यातून काढून तिला थेट सोलापूरच्या दवाखान्यात नेलं, तिथून मामांनी आपल्या गावी. त्या घराबद्दल मला शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं, आणि त्यांनाही ती वाचल्याचं तेव्हा माहीत नव्हतं.

"तुम्ही आणखी कुणाला विचारलं नाही?"

"नाही विचारलं," मी म्हणाले. "चुकलं माझं."

माझा चेहरा बघून चाचा म्हणाले, "बेटा, ते पान आपण सगळ्या प्रतींतून काढून टाकू."

"पान फाडू नका," ती घाईनं म्हणाली. "त्यात माझी आई आहे."

मी ते पान पुन्हा वाचलं. काकूंच्या तोंडून ऐकलेल्या चार ओळी होत्या: शिंप्याची बायको उरलेल्या चिंध्यांची झबली शिवून गल्लीतल्या बाळंतिणींना द्यायची आणि मशीन चालवताना स्वतःशीच हसायची. मुलीकडं आईचा एक फोटोसुद्धा नव्हता. आई हसायची, हे तिला या पानावरून कळलं होतं.

चाचांनी कागद पुढं केला. "काय छापू, तूच लिही."

तिनं लिहिलं, 'या घरातली धाकटी मुलगी वाचली. ती शिकते आहे.'

पुढच्या रविवारी तिच्या चिठ्ठ्या छापून तयार होत्या. ती परत आली. चाचांच्या बायकोनं खळ शिजवली, आणि आम्ही चौघांनी बसून उरलेल्या सगळ्या प्रतींत त्या चिकटवल्या. मध्ये चाचींनी सगळ्यांना खिचडी-खट्टा वाढला.

मग आम्ही दोघी पुनर्वसनाच्या गावात काकूंना शोधायला गेलो. काकू बराच वेळ तिचा चेहरा चाचपत राहिल्या. "नाक आईचंच हाय," म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत बोलत बसल्या. या वेळी वही मुलीच्या मांडीवर होती.

त्यातून तीन नवी पानं झाली. दुसऱ्या आवृत्तीत ती मुलीच्या शब्दांत आली. प्रूफं चाचांनीच वाचली. तोवर त्यांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तरी त्यांनी माझ्या सात चुका काढल्या. तिच्या पानांत मात्र त्यांना एकच सापडली.