धुण्यानंतरचा पहिला नंबर

देवळीच्या बाजारात बंडूजींचं हार्डवेअरचं दुकान होतं. पुढे एक लांब फळी, मागे गोदाम. बंडूजींचा आयुष्याचा सिद्धांत एकच: ज्या मालाला रोज हात लागतो तो फळीवर, बाकीचा गोदामात, आणि उगाच गोदामात फेरा मारणारा माणूस दुकानदार नव्हे, हमाल. त्यांच्या मुलानं, भूपेंद्रनं, दुकान काही चालवलं नाही. सिद्धांत मात्र पुरता उचलला. घरात पाणी प्यायला उठला की येताना चष्मा, पेपर आणि मोबाइल एकाच फेऱ्यात आणणार. त्याची आई कौशल्याबाई म्हणायच्या, “एक दिवस हा आंघोळ अन् जेवण एकाच फेऱ्यात उरकते पाय.”

त्र्याण्णव साली तो नागपूरहून इलेक्ट्रॉनिक्स शिकून आला. बंडूजींनी गावभर सांगितलं की पोरगा कॉम्प्युटरवाला झाला, आणि गावानं विश्वासानं आपापले बिघडलेले रेडिओ आणून दिले. त्यानं तेही दुरुस्त केले. नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही. पुढे बंडूजी गेले, दुकान विकलं, मायलेक वर्ध्याजवळ सिंदी मेघेला राहायला आले, आणि भूपेंद्र नागपूरच्या एका छोट्या कंपनीचं काम घरी बसून करू लागला. कंपनी दुधातलं फॅट मोजायची मशीन बनवायची. दिसायला पितळी डब्याएवढी, आत एक प्रोसेसर, आणि त्यावर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कोणालाही उघडून बघता येणारी प्रणाली. त्या प्रणालीच्या मुळाशी असतो कर्नेल, म्हणजे मशीनचा कारभारी. भूपेंद्रचं काम या कारभाऱ्याला शहाणं करण्याचं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात हिंगणीच्या दूध केंद्रावरून तक्रार आली. मशीन एका माणसाच्या दुधाला चाळीस सेकंद घेते, रांग संपता संपत नाही, आणि उन्हात दूध नासतं. भूपेंद्रनं कर्नेल उघडला आणि कपाळाला हात लावला.

प्रोसेसरच्या अगदी हाताशी एक छोटी, झटपट मेमरी असते. तिला कॅशे म्हणतात. ती बंडूजींची फळी, आणि मोठी मेमरी म्हणजे मागचं गोदाम. अडचण अशी की दुधाचे ताजे आकडे सेन्सर थेट गोदामात टाकतो, आणि प्रोसेसर मात्र फळीवरचा जुनाच माल बघत बसतो. म्हणून दर वेळी फळीवरचं जुनं काढावं लागतं. आधीच्या कोणीतरी, नको ती भानगड म्हणून, अख्खी फळी रिकामी करून टाकायची सोय केली होती. एका मापात हजारो नमुने. दर नमुन्याला सगळा माल गोदामात, परत सगळा फळीवर. बंडूजींनी असा नोकर तासाभरात हाकलला असता.

भूपेंद्रनं अकरा ओळी लिहिल्या. सेन्सरच्या आकड्यांची जागा तेवढीच रिकामी करायची, बाकीच्या फळीला हात लावायचा नाही. आणि ते आकडे जुनेच तर आहेत, गोदामात कशाला पोचवायचे? टाकूनच द्यायचे. फेरा वाचला.

मग चाचणी. कौशल्याबाईंनी त्याला अर्धा लिटर म्हशीचं दूध दिलं आणि वर बजावलं, “येवढ्यातच भागव. दूध सांडू नये, लक्ष्मी हाय ते.” त्यांच्या घरात हा नियम देवघराइतका पक्का होता. मग त्यानं तेच अर्धा लिटर दूध मशीनमधून दोनशे वेळा फिरवलं. दोनशे वेळा फॅट साडेसहा आलं. चाळीस सेकंदांचे चौदा झाले होते. मशीनच्या पोटातून आलेलं ते दूध शेवटी मांजरीनं प्यायलं, आणि भूपेंद्र त्या दिवशी जेवताना दोन पोळ्या जास्त जेवला.

महिन्याभरानं केंद्रावरच्या नत्थूचा फोन आला. नत्थू मशीन चालवायचा, आणि मशीनवर त्याचा पोटच्या पोरासारखा जीव. “भाऊ, काय मशीन केली तुमी! रांग अशी सरकते. अन् वरतून चोर बी पकडते.”

“चोर?”

“धुरपता. बोर नदीच्या कडेले राहते ते. दुधात पानी टाकून राह्यली ना. फॅट कधी सहा पॉइंट सहा, कधी चार पॉइंट चार. मशीननंच पकडलं. आता मंडळी म्हनते, तिचं दूध बंद करा.”

खोटं कशाला सांगा, फोन ठेवल्यावर भूपेंद्रला बरं वाटलं होतं. आपली मशीन हुशार निघाली, असं. कौशल्याबाईंना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, “कधी टाकते अन् कधी नाई, असा कसा चोर?” तो हसला. पण ती गोष्ट त्याच्या डोक्यात कुसासारखी रुतून बसली, आणि त्या आठवड्यात देखभालीचं निमित्त काढून तो हिंगणीला गेला.

नत्थूनं धुरपताच्या चिठ्ठ्या सुतळीत ओवून ठेवल्या होत्या, पुरावा म्हणून. भूपेंद्र त्या चाळत बसला. चांगल्या दिवशी सहा पूर्णांक सहा, वाईट दिवशी चार पूर्णांक चार. सहा नऊच्या आठवड्यात वाईट दिवस चार सहाचा. सहा तीनच्या आठवड्यात चार दोनचा. त्याचे हात थांबले. दर वेळी बरोबर दोन तृतीयांश. बाईमाणूस पहाटे घाईत दुधात पाणी ओतेल ते लोट्यानं ओतेल. सोनाराच्या काट्यानं कशी मोजेल?

मशीन प्रत्येकाचं दूध तीनदा मोजून सरासरी काढायची. तीनपैकी एक आकडा शून्य आला, तरच असं होईल.

“शून्य कधी येते, नत्थू?”

“धुतल्यावर. वीस नंबर झाले का नळी गरम पान्यानं धुतो अन् पान्याचं एक माप घेतो. शून्य आलं का मशीन बरोबर.”

“अन् धुतल्यावर पहिला नंबर कोणाचा?”

नत्थूनं मान खाजवली. नळीत पाणी उरतं आणि आपलं दूध पातळ दाखवतं, असा हिंगणीत सगळ्यांचा समज. त्यामुळे धुण्यानंतरचा पहिला नंबर कोणी घेत नसे. ज्याच्यावर यायचा तो चप्पल शोधत मागे व्हायचा. धुरपताचा नवरा वारलेला, भांडायला घरात कोणी नाही, म्हणून तो नंबर रोज तिच्या गळ्यात पडायचा. तीही मुकाट्यानं कॅन पुढे करायची.

“एखांद्या वेळी दुसऱ्या कोणाचं चार आलं नाई?”

“आलतं ना. एक दिवस ते आली नाई, तं पहिला नंबर रूपरावजीवर आला. चार पॉइंट पाच आलं. ते म्हने, अबे, मशीन पागल झाली का? मंग पुन्हा मोजलं, तं बरोबर आलं.”

“अन् धुरपताचं पुन्हा मोजलं?”

नत्थू सुतळीची गाठ उगाच सोडू-बांधू लागला.

भूपेंद्रनं तिथेच, दुधाच्या कॅनवर लॅपटॉप ठेवून, आपल्या अकरा ओळी उघडल्या. चूक सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला. फळीला ठरावीक मापाचे कप्पे असतात. रिकामा करायचा तर अख्खा कप्पाच करावा लागतो. सेन्सरचे आकडे शेवटच्या कप्प्याच्या अर्ध्यातच संपत होते. उरलेल्या अर्ध्यात मशीननं नुकताच काढलेला पहिला निकाल ठेवलेला असायचा. तो अजून गोदामात पोचलेला नसला की भूपेंद्रच्या ओळी त्यालाही जुनं समजून फेकून द्यायच्या, आणि त्याच्या जागी गोदामातला आधीच्या मापाचा निकाल परत यायचा. इतरांच्या दुधात कधीमधी शेजाऱ्याचं फॅट मिसळत होतं. उन्नीस-बीसचा फरक, कोणाच्या लक्षात येणार? धुरपताच्या आधी मात्र नेहमी पाणी असायचं. आणि घरी? घरी दोनशे वेळा एकच दूध. आधीचाही साडेसहा, नंतरचाही साडेसहा. तिथे ही चूक जन्मात दिसली नसती.

उपाय दोन ओळींचा होता. कडेचे कप्पे आधी गोदामात पोचवायचे, मग रिकामे करायचे. एक फेरा जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागल्यावर त्यानं मुद्दाम जुन्या ओळी तशाच ठेवल्या. मशीन धुवायला लावली आणि रूपरावांना हात जोडून म्हणाला, “तुमचं दूध आधी टाका.” ते कुरकुरले, पण टाकलं. पहिल्या खेपेला बरोबर आलं. पुन्हा धुतली, पुन्हा टाकलं. तिसऱ्या खेपेला चार पूर्णांक तीन. रूपरावांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं, पण भूपेंद्रला हसू आलं नाही. तो रांगेकडे वळला. “धुरपताबाईनं पाणी टाकलं नाई. चूक माही हाय. मीच लिहिली ते.”

मंडळी आपापल्या कॅनच्या झाकणांकडे बघत राहिली. धुरपता रांगेच्या कडेला उभी होती. ती रडली नाही की तिनं बोटं मोडली नाहीत. भूपेंद्रजवळ येऊन हळूच म्हणाली, “इथं सांगून काय होते, भाऊ? घरी चाला. माह्या काजलले सांगा.”

“तिले काऊन?”

“म्हैस तेच दोहते. मले वाटलं, शाळेच्या घाईनं सांडवत असंन अन् पानी टाकून भरत असंन. हातानं मारलं, बाप्पा. दोनदा.”

तिच्या अंगणापर्यंत तो तिच्या मागून चालत गेला. बारा-तेरा वर्षांची काजल गोठ्यात शेण भरत होती. भूपेंद्रनं तिला सगळं सांगितलं. फळी, गोदाम, कप्पा, सगळं. तिला कितपत कळलं कोण जाणे, पण तिनं मध्येच विचारलं, “काका, तुमी मशीन तपासली नव्हती?”

“तपासली ना. दोनशे वेळा. पण एकाच दुधावर.”

काजलनं टोपलं खाली ठेवलं. आईकडे बघितलं नाही. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “तुमी दोनशे वेळा तं तपासली. आईनं एकदा बी नाई इचारलं मले.”

धुरपता दारातच खाली बसली. भूपेंद्रच्या दोन ओळी तिथे काही कामाच्या नव्हत्या. मग धुरपता उठली, पोरीजवळ गेली आणि तिनं खाली ठेवलेलं शेणाचं टोपलं उचलून आपल्या डोक्यावर घेतलं.