उन्हाला उगीच बदनाम केलं: लातूर ते सहस्रकुंड

मराठवाड्यात जन्म काढला, बँकेच्या काउंटरवर सदतीस वर्षं काढली, पण शेजारच्या नांदेड जिल्ह्यातला सहस्रकुंडचा धबधबा काही पाहिला नव्हता. दर वर्षी कुणीतरी म्हणायचं, "पुढच्या वर्षी नक्की." निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी पुढचं वर्ष उगवलं नाही. मग यंदा ऑक्टोबरात मुखेडहून मंगलचा फोन आला. मंगल म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. तिच्या मुलीची, स्नेहलची, वनरक्षक म्हणून निवड झाली होती आणि सोमवारी किनवटला रुजू व्हायचं होतं. "ताई, तुम्हीच जा तिच्यासंगं. ह्यांना सुट्टी न्हाई." मी नकाशा पाहिला. किनवटच्या वाटेवर इस्लापूर, इस्लापूरच्या शेजारी सहस्रकुंड. पिशवी भरली.

सकाळच्या फिरण्यातल्या मैत्रिणींनी विचारलं, "या उन्हात?" मी म्हटलं, सावलीतल्या धबधब्याचा पत्ता असेल तर द्या.

शुक्रवारी लातूरच्या बसस्थानकाबाहेर चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन, वर चहा पिऊन शिरूर ताजबंदमार्गे जाणारी मुखेडची बस धरली. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, हे नव्याने सांगायला नको. मागच्या बाकावरचा एक पागोटेवाला मोठ्याने म्हणाला, "आता काय, बायाच फिरायल्या जिकडं तिकडं." मी मागे वळून म्हटलं, "तुम्हीही फिरा की. पूर्ण तिकीट काढून." अख्खी बस हसली, तोही हसला, आणि शिरूरला उतरताना माझी पिशवी आत सरकवून गेला.

मुखेडला घरात शिरले तर स्नेहल आतल्या खोलीत, पंख्याखाली, तोंडाला स्कार्फ गुंडाळून बसलेली. स्कुटीवरच्या मुली गुंडाळतात तसा. फक्त डोळे बाहेर.

"घरात कुठली धूळ उडते गं?" मी विचारलं.

तिने स्कार्फ सोडला. दोन्ही गाल लालबुंद, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि चकचकीत, त्यातून बारीक लाल शिरा दिसत होत्या. हनुवटीवर पुटकुळ्या, वरच्या ओठावर लव.

"तीन किलोमीटर पळायची चाचणी होती न्हाई का," मंगल म्हणाली. "सहा महिने पळून पळून उन्हानं जाळली बघा पोरगी."

मग तिने केलेले उपाय सांगितले. लिंबू चोळलं. दही-बेसन लावलं. कोरफड लावली. शेजारणीने सांगितलं म्हणून टूथपेस्टसुद्धा लावली.

"मंगल, ते तोंड आहे की कोशिंबीर?"

मंगल रुसली, पण रात्री शेंगांची चटणी आणि ज्वारीची भाकरी तिने दोन घास जास्तच वाढली.

शनिवारी सकाळी नरसी-नायगावमार्गे नांदेडची बस. आम्ही सावलीच्या बाजूची जागा धरली. (सकाळी नांदेडकडे जाताना ऊन कुठल्या बाजूने येतं ते चढण्याआधी कंडक्टरला विचारा. तो हसेल. हसू द्या.) नायगाव गेल्यावर स्नेहल खिडकीकडे बघत म्हणाली, "आत्या, मी जॉईन होणार न्हाई."

"काय?"

"दहा मिनिटं उन्हात थांबले की मिरची चोळल्यासारखी आग व्हायली. जंगलात दिवसभर कशी राहू? आई म्हणती, उरलंसुरलं तोंड पण जाईल, मग स्थळं बी येणार न्हाईत."

"आणि सोमवारी गेली नाहीस तर?"

"वेटिंगवरच्या पोरीला घेतील."

दोन वर्षांचा अभ्यास, सहा महिन्यांचं धावणं, आणि जागा वेटिंगवरच्या पोरीला! माझा आवाज चढला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला दोन गोष्टी चांगल्या शिकवल्या: पाठ ताठ ठेवायची आणि तक्रार स्पष्ट शब्दांत करायची. तक्रार कुणाविरुद्ध करायची ते मात्र अजून ठरलं नव्हतं. तूर्त उन्हाला, मंगलला आणि गोऱ्याच पोरी मागणाऱ्या सगळ्या मध्यस्थांना मी फैलावर घेतलं. पुढच्या सीटवरच्या बाईने मान हलवून दुजोरा दिला.

नांदेडला उतरून लॉज नंतर, आधी डॉक्टर. डॉक्टर लेनमध्ये त्वचेचे दवाखाने शोधायला लागत नाहीत, रांगा शोधून काढतात तुम्हाला. दीड तास बसलो. समोरच्या बाकावर आठ मुली होत्या आणि आठही स्कार्फमध्ये.

डॉक्टर बाई तरुण होत्या. भिंग लावून गाल पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "कुठली ट्यूब लावतेस?"

स्नेहलने पर्समधून पिळून पिळून चपटी केलेली ट्यूब काढली. गजकर्णाची. मेडिकलमध्ये मागितली की मिळते ती.

"ही तोंडाला? किती दिवस?"

"दीड वर्ष. रात्री झोपताना. आधी लई उजळलं होतं, मॅडम. बंद केलं की आग व्हायची, म्हणून परत लावायची."

"यात स्टिरॉइड आहे. त्याने कातडी पातळ होते. आधी गोरी दिसते, मग अशी. पातळ कातडीला ऊन सोसत नाही. उन्हाने हे केलेलं नाही, ट्यूबने केलंय. ऊन आलं मागाहून."

माझ्या तक्रारीला पत्ता मिळाला. मी खुर्चीतच ताठ झाले. "कुणी दिली ही तुला पहिल्यांदा? नाव सांग. कुठला मेडिकलवाला?"

स्नेहल ट्यूबचं टोपण फिरवत राहिली.

"घाबरतेस कुणाला? मी आहे ना!"

"तुम्हीच दिलती, आत्या."

डॉक्टर बाईंनी चष्मा पुसायला घेतला.

आठवलं. दोन उन्हाळ्यांपूर्वी स्नेहल लातूरला आली होती, तिच्या कोपराजवळ गजकर्ण होतं. माझ्या कपाटातली ट्यूब मीच दिली. आठ दिवसांत चट्टा गेला आणि त्या जागी कातडी फिकी पडली. तेव्हा तो हात खिडकीपाशी धरून मीच म्हणाले होते, "बघ, कशी उजळली जागा!" पोरीने ते ऐकलं आणि पुढचा विचार स्वतः केला. जगभरच्या गोरेपणाच्या वेडावर मी नायगावपासून भाषण ठोकत आले होते, आणि सुरुवात माझ्याच तोंडून झाली होती.

"चुकलं माझं," मी म्हटलं. 'सॉरी'वर न भागवता मराठीतच म्हटलं. अवघड असतं ते कुठल्याही भाषेत.

डॉक्टर बाईंनी सांगितलेलं लिहून देते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी पर्समध्ये तसली ट्यूब असणारच. ट्यूब बंद. काही आठवडे चेहरा चिडेल, आग होईल, त्यासाठी त्यांनी दुसरं औषध दिलं. घाबरून परत ट्यूबकडे जायचं नाही. लिंबू, टूथपेस्ट बंद. सनस्क्रीन दोन बोटं भरून, चेहरा आणि मानेला, उन्हात असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्या.

"आणि नोकरी?" स्नेहलने हळूच विचारलं.

"टोपी घालून कर. पहिला महिना जरा जप. आणि दर महिन्याला दाखवायला ये."

दुपारी तहरी खाल्ली, म्हणजे इकडचा पिवळा मसालेदार भात. नांदेडला आलात आणि तहरी खाल्ली नाहीत तर आला नाहीत. स्नेहलने अर्धी प्लेट ठेवली. अजून ठरलं नव्हतं तिचं. मीही विचारलं नाही. त्या दिवशी मला फारसं विचारायचा अधिकार उरला नव्हता. संध्याकाळी तिला टोपी घेतली, रंग तिने निवडला.

रविवारी पहाटेची बस, भोकरमार्गे हिमायतनगर. तिथे चहा आणि गरम भजी, मग इस्लापूर, तिथून ऑटो. परतीचीही ऑटो आधीच ठरवून ठेवा, दुपारी मिळत नाही. रस्ता काही ठिकाणी कंबरेची परीक्षा घेतो, पण दोन्हीकडे सागाची झाडं आणि फुटलेला कापूस आहे.

आणि मग पैनगंगा! काळ्या कातळांच्या पायऱ्यांवरून पाणी एका जागी पडत नाही, पन्नास ठिकाणी फुटून पडतं. पलीकडचा काठ यवतमाळचा. आवाज एवढा की मी बोलायचं सोडून दिलं, यावरून कल्पना करा. जायचं तर पावसाळा सरता सरता, आणि अकराच्या आत. त्यानंतर कातळ तव्यासारखा तापतो. शेवाळावर पाय ठेवू नका, सेल्फीसाठी तर नाहीच.

झाडाखाली स्नेहलने तोंडाला क्रीम लावलं, टोपी घातली आणि स्कार्फ पिशवीत टाकला. आम्ही कठड्यापाशी गेलो. शेजारी हदगावकडून आलेला बायकांचा घोळका होता. त्यातली एक जाडसर बाई स्नेहलकडे टक लावून बघत मला म्हणाली, "अगं बाई, लेकीच्या तोंडाला काय झालं हो? भाजलं का?"

मी तोंड उघडलं. स्नेहलने माझ्या दंडावर हात ठेवला.

"ट्यूब लावली मावशी, गोरं व्हायला. गजकर्णाची. तुम्ही कोणती लावता?"

बाईचा चेहरा पडला. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तसलीच हाय. सुनेची. जरा उजळतं म्हून..."

"किती दिवस झाले?"

"चार महिने."

"आग होती का उन्हात?"

"हाव. म्या म्हनलं ऊनच यंदा लई हाय."

पाच मिनिटांत घोळका स्नेहलभोवती. ती समजावत होती, डॉक्टर बाईंनी सांगितलेलं सगळं, क्रमाने, धबधब्याच्या आवाजावर आवाज काढून. एकीने ट्यूब काढून दाखवली, दुसरीने "न्हाई बाई, मी न्हाई लावत" म्हणत पर्स घट्ट धरली. शेवटी त्या जाडसर बाईने विचारलं, "तू डॉक्टर हायस का?"

"न्हाई," स्नेहल म्हणाली. "फॉरेस्ट गार्ड. उद्यापासून."

मी पाण्याकडे बघत राहिले. तुषार उडत होते, चष्मा ओला झाला होता.

सोमवारी किनवटला ती रुजू झाली. सही करून बाहेर आली तेव्हा गाल लालच होते. आदल्या दिवशीपेक्षा जास्तच. औषध लावलं, पाणी प्यायली, आणि मला म्हणाली, "तुम्ही जा आता, आत्या. बस चुकेल."

लातूरला येऊन महिना झाला. पाय दोन दिवस दुखले, माझी मान मात्र आठवडाभर भाजलेली होती, कारण स्नेहलच्या चेहऱ्याच्या नादात सनस्क्रीन स्वतःला लावायचं राहिलं. काल मंगलचा फोन आला. स्थळ आलंय, उदगीरचं. फोटो मागितलाय. "ताई, तिला सांगा ना, जुना फोटो पाठवूया, गोरा आलेला. ती म्हणती गणवेशातलाच पाठव. आजून तोंड लालच दिसायलंय त्यात. तुमचं ऐकती ती."

तोंडापर्यंत सल्ला आला होता. मी गिळला.

"मंगल," मी म्हटलं, "मागे एकदा तिनं माझं ऐकलं होतं. आता तिचं ऐक."